परदेश दौऱ्यातले मोकळे तास आणि शरीराचे घड्याळ

चाकणच्या एखाद्या कारखान्यातले पन्नाशीचे उत्पादन व्यवस्थापक डोळ्यांसमोर आणा. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, पोट थोडे सुटले आहे, चालण्याचा व्यायाम ‘पुढच्या सोमवारपासून’ आहे. कंपनीने त्यांना चार दिवसांसाठी लंडनला पाठवले. पहिले तीन दिवस बैठका, सादरीकरणे आणि संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत पुण्याच्या ई-मेलना उत्तरे. चौथ्या दिवशी सकाळी अकराला काम आटोपले आणि विमान रात्री नऊचे. एवढ्या लांब आलो आणि लंडन न बघता परत गेलो, तर घरचे काय म्हणतील? मग ऑफिसच्याच चामडी बुटांत टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस, ब्रिटिश म्युझियम आणि शेवटी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चॉकलेटची खरेदी. जेवण म्हणजे उभ्याउभ्या खाल्लेले सँडविच. धावतपळत विमानतळ, तिथे दोन बिअर आणि खिडकीजवळच्या जागेवर बसताक्षणी लागलेली झोप थेट मुंबईला उघडली.

चौथ्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली. ‘लंडनभर पायपीट केली, दुखणारच,’ असे म्हणून बाम लावला गेला, रात्री तेल लावून रगडूनही झाले. सातव्या दिवशी घराचा जिना चढताना दम लागला, छातीत कळ आली. पोटरीच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात पोहोचली होती.

हे व्यवस्थापक कुणी एक व्यक्ती नाहीत. हे प्रातिनिधिक उदाहरण आहे. पण यातली प्रत्येक पायरी वैद्यकशास्त्राच्या ओळखीची आहे. मग चूक कुठे झाली? शहर बघण्यात तर मुळीच नाही. दौऱ्यातल्या मोकळ्या वेळी बाहेर पडणे, उजेडात चालणे हे औषधासारखे उपयोगी आहे. फक्त औषधासारखीच त्याचीही वेळ आणि मात्रा सांभाळावी लागते. चार दिवसांचा डोस एकाच दुपारी घेतला, तर औषध बाधते.

ग्रिनिचची रेघ, मेंदूतले घड्याळ

लंडनच्या आग्नेयेला ग्रिनिच नावाचा भाग आहे. तिथल्या टेकडीवर १६७५ साली स्थापन झालेली राजकीय वेधशाळा आहे. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत याच वेधशाळेतून जाणारे रेखावृत्त शून्य अंशाचे ठरले आणि जगाची घड्याळे तिथून मोजली जाऊ लागली. समुद्रावर अचूक वेळ दाखवून जहाजाचे रेखांश सांगणारी, जॉन हॅरिसन या सुतारकाम शिकलेल्या कारागिराची १८व्या शतकातली घड्याळेही ग्रिनिचच्याच संग्रहातली. वेधशाळेच्या शिखरावर १८३३ साली एक चेंडू बसवला गेला. दुपारी बरोबर एक वाजता तो खाली येई आणि टेम्स नदीतली जहाजे आपली घड्याळे जुळवून घेत.

भारताचे प्रमाण घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. उन्हाळ्यात ब्रिटन आपली घड्याळे एक तास पुढे करतो, तेव्हा हे अंतर साडेचार तासांचे उरते. घड्याळ बदलणे माणसाला सोपे जात नाही, याचा अनुभव मुंबईनेही घेतला आहे. देशाने १९०६ मध्ये प्रमाणवेळ स्वीकारली, तरी ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेला ‘बॉम्बे टाइम’ शहराने १९५५ पर्यंत सोडला नव्हता.

शरीराचे तसेच आहे. मनगटावरचे घड्याळ विमान उतरताना क्षणात बदलता येते, मेंदूतले नाही. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन्ही चेतातंतूंची जिथे फुली होते, तिच्या नेमके वर सुमारे २० हजार चेतापेशींचे एक छोटे केंद्र असते. झोप, शरीराचे तापमान, भूक, रक्तदाब आणि संप्रेरके यांचे दिवसभराचे वेळापत्रक तिथून चालते. पेशींमध्ये हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालते, ते उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ लावायची किल्ली म्हणजे उजेड. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की चित्र दाखवणे हे त्यांचे मुख्य काम नसते. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढे त्या मेंदूला कळवतात. पण हा निरोप किती वाजता पोहोचतो, याला फार महत्त्व आहे. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते. त्या वेळेच्या आधी उजेड मिळाला, तर घड्याळ मागे सरकते. नंतर मिळाला, तर पुढे. आणि ते सरकते तरी किती? दिवसाला साधारण एक ते दीड तास.

आता हिशेब मांडू. पुण्यात रोज साडेसहाला उठणाऱ्या माणसाचे तापमान पहाटे चारच्या सुमारास सर्वांत कमी असते. उन्हाळ्यात लंडनमध्ये तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे लंडनला पोहोचल्यावर संध्याकाळचा उजेड घड्याळाला हव्या त्या दिशेने, म्हणजे मागे ढकलतो. पहाटेचा उजेड मात्र उलट दिशेने ओढतो. संध्याकाळी सातला डोळे मिटू लागतात, कारण शरीराच्या लेखी रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. आणि पहाटे दोन-तीनला टक्क जाग येते. त्या जागेपणी पडदे उघडून बसले किंवा मोबाइल पाहत राहिले, तर दुसऱ्या दिवशी तोच प्रकार.

कोणत्या वेळी काय बघावे

या हिशेबावरूनच मोकळ्या तासांचे वेळापत्रक ठरते. पहिल्या दिवशी हॉटेलात पोहोचल्यावर झोप अनावर झाली, तर गजर लावून २० ते ३० मिनिटांची डुलकी पुरे. जड जेवून दुपारभर झोपल्यास रात्र हातची जाते. कामाच्या बैठका झाल्या, की हॉटेलकडे वळण्याऐवजी तास-दीड तास उघड्यावर चालावे. जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे उजेड भरपूर मिळतो. डिसेंबरात तो चारच्या आधीच मावळतो; तेव्हा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतली अर्ध्या तासाची चक्कर तरी चुकवू नये.

पहिल्या संध्याकाळी टेम्सचा दक्षिण काठ उत्तम. वेस्टमिन्स्टर पुलापासून १८९४ च्या टॉवर ब्रिजपर्यंत साधारण चार-साडेचार किलोमीटर, सगळा सपाट आणि वाहनांपासून दूर असा पायरस्ता आहे. थकलात तर वाटेत कुठूनही माघारी फिरता येते. वेस्टमिन्स्टर पुलाजवळच सेंट थॉमस रुग्णालय आहे. त्याच्यासमोर नदीकाठच्या लांब भिंतीवर २०२१ पासून लोकांनी लाल रंगाची हृदये रंगवली आहेत. कोविडने गेलेल्या प्रत्येकासाठी एक. त्या साथीत आपले माणूस गमावलेल्या कुणालाही तिथे थांबावेसे वाटेल.

दुसऱ्या संध्याकाळी सोहोमधली ब्रॉडविक स्ट्रीट. १८५४ मध्ये या भागात कॉलऱ्याने थैमान घातले आणि ६०० हून अधिक माणसे गेली. जॉन स्नो या डॉक्टरांनी घरोघर फिरून मृत्यूंचा माग काढला. बहुतेक रुग्णांनी एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी प्यायले होते, हे त्यांनी दाखवून दिल्यावर ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. रोगजंतू कारण आहेत हे जगाला पटायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आज तिथे पंपाची प्रतिकृती उभी आहे. ना तिकीट, ना बंद होण्याची वेळ. बैठक उशिरा संपली तरी बघता येईल असे हे ठिकाण आहे. दौऱ्यात शुक्रवार येत असेल, तर ब्रिटिश म्युझियम त्या दिवशी रात्री साडेआठपर्यंत उघडे असते आणि कायमचा संग्रह विनामूल्य बघता येतो.

तिसऱ्या दिवशी किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ही वास्तू विकत घेतली आणि तिथे स्मारक केले. भेटीची वेळ आधी बघून जावे. तिथून जवळच प्रिमरोझ हिल आहे. जेमतेम ६० मीटर उंचीची ही हिरवी टेकडी चढून गेले, की अख्खे लंडन समोर दिसते आणि मावळतीचा उजेडही मिळतो.

ज्यांचा मुक्काम दोन-तीन दिवसांचाच आहे, त्यांनी घड्याळ बदलण्याच्या भानगडीत न पडलेलेही चालते. महत्त्वाची बैठक आग्रहाने सकाळी ठेवून घ्यावी. त्या वेळी भारतात दुपार असते आणि डोके तरतरीत चालते. संध्याकाळच्या जेवणाचे निमंत्रण लवकरचे घ्यावे आणि नऊला झोपावे. आणि झोप अर्धवट झालेली असताना भाड्याची मोटार घेऊन शहराबाहेरची ठिकाणे गाठू नयेत. स्टिअरिंगवर लागलेली डुलकी कोणत्याही देशात जीवघेणी असते. आगगाडीने जावे.

पायपीट, साखर आणि हृदय

एरवी दिवसाला तीन हजार पावले चालणारा माणूस परदेशात सहज पंधरा हजार चालतो. मधुमेहाला हे चांगलेच. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा दिवशी झपकन खाली येऊ शकते. त्यातून जेवणाची वेळ टळलेली आणि यजमानांबरोबर घेतलेले मद्य असेल, तर धोका वाढतो. हात थरथरणे, घाम सुटणे, डोके हलके होणे, विनाकारण चिडचिड होणे ही लक्षणे ‘थकवा आला’ म्हणून सोडून देऊ नयेत. खिशात ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या हव्यातच, सोबत बिस्किटे. मीटर बरोबर असेल, तर चालायला निघण्यापूर्वी आणि मध्ये एकदा साखर तपासावी.

इन्सुलिनच्या वेळांचा हिशेब निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, परतताना आखडतो. त्यानुसार मात्रा बदलावी लागू शकते. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठले, तर निकामी होते. सर्व औषधे मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्यावीत.

हृदयविकार असलेल्यांसाठी दोन गोष्टी. एक, हिवाळ्यातल्या थंड हवेने रक्तवाहिन्या आकसतात. भरल्या पोटी थंड वाऱ्यात भरभर चालणे त्यांनी टाळावे. दोन, जिने. लंडनच्या भुयारी रेल्वेत कोव्हेंट गार्डन स्थानकाच्या जिन्याला १९३ पायऱ्या आहेत. गर्दी टाळायला उत्साहाने जिना धरणाऱ्यांना निम्म्यावर गेल्यावर आपली चूक कळते. तिथे लिफ्टच्या रांगेत उभे राहणेच शहाणपणाचे. लंडन ब्रिजजवळ एका चर्चच्या माळ्यावर १८२२ चे जुने शस्त्रक्रियागृह जपून ठेवले आहे. भूल देण्याचा शोध लागण्यापूर्वी शस्त्रक्रिया कशा होत, ते तिथे कळते. पण वर जायला ५२ पायऱ्यांचा अरुंद गोल जिना आहे, हे गुडघेदुखीवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

आणि बूट. परदेश दौऱ्यात सर्वाधिक त्रास देणारी वस्तू कोणती, तर कडक तळव्याचे ऑफिसचे बूट. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर फोड आलेला कळतही नाही आणि त्याची जखम महिनोन्महिने पुरते. घरी वापरून मऊ झालेले चालण्याचे बूट बॅगेत ठेवावेत आणि रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात बघावेत.

पोटरीतली गुठळी

आता पुन्हा त्या दुखऱ्या पोटरीकडे. पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे मोठे काम पोटरीचे स्नायू करतात. गुडघे दुमडून नऊ-दहा तास बसले, की हा पंप थांबतो आणि शिरांमधले रक्त संथ होते. रक्त संथ होणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही गुठळीची तीन कारणे १९व्या शतकातले जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्को यांच्या नावाने आजही शिकवली जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो निरोगी माणसात सुमारे सहा हजारांत एक इतका कमी असतो. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण थोड्या दिवसांत अनेक लांब प्रवास झाले तर धोका वाढतो, हेही त्याच अहवालात नोंदले आहे. चार दिवसांत जाऊन-येऊन करणारे नेमके यातच मोडतात. लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या किंवा पूर्वी झालेली गुठळी असेल, तर धोका आणखी वाढतो. अशांनी गुडघ्यापर्यंतचे दाबमोजे किंवा औषध लागेल का, हे आधी डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

बाकीच्यांनी शक्यतो मधल्या वाटेकडची जागा घ्यावी, तासाभराने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करावेत. विमानातली हवा फार कोरडी असते आणि तिचा दाब आठ हजार फुटांवरच्या हवेइतका कमी असू शकतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही बऱ्याच उंचीवरचा. त्यामुळे पाणी पीत राहावे. मद्य आणि झोपेची गोळी टाळावी. त्यांनी लागलेली झोप अशी गाढ असते, की माणूस तासन्‌तास पाय हलवत नाही.

आपल्या व्यवस्थापकांना चालल्यामुळे गुठळी झाली नव्हती. ती झाली न हलता बसून राहिल्याने. चालण्याने मात्र दुखण्याला एक सोयीचे कारण मिळाले आणि निदान तीन दिवस लांबले.

मग फरक ओळखायचा कसा? पायपिटीचे दुखणे बहुधा दोन्ही पोटऱ्यांत असते, दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि दोन-चार दिवसांत ओसरते. गुठळीचे दुखणे बहुतेक वेळा एकाच पायात असते. तो पाय सुजतो, गरम लागतो, त्वचा लालसर किंवा ताणलेली दिसते आणि दुखणे दिवसागणिक वाढते. प्रवासानंतर काही आठवड्यांपर्यंत असे होऊ शकते. एका पायाची सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि विमान प्रवास केल्याचे न विचारताही सांगावे. डॉपलर सोनोग्राफीने गुठळी दिसते आणि वेळेत रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. तोवर पाय रगडू नये, तेल लावून चोळू नये. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत दुखले, थुंकीतून रक्त आले किंवा घेरी आली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. ब्रिटनमध्ये हा क्रमांक ९९९ आहे. तिथल्या तातडीच्या विभागात उपचार मिळतात, पण परदेशी पाहुण्याला दाखल करावे लागले तर बिल मोठे येते. म्हणून कंपनीच्या प्रवास विम्यात कामाबाहेरचा फिरण्याचा वेळ धरला आहे का, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

शेवटचा दिवस

शेवटच्या मोकळ्या दिवशी एकच ठिकाण ठेवावे. ग्रिनिच त्यासाठी योग्य. सकाळी निघावे, टेकडी सावकाश चढावी, शून्य रेखावृत्तावर एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला ठेवून घरच्यांसाठी छायाचित्र काढावे, खाली येऊन बसून जेवावे. दुपारी तीनच्या सुमारास परत फिरावे, म्हणजे हॉटेलात अंघोळ करून, सैल कपडे घालून, पाय जरा उंच ठेवून पडायला तासभर मिळतो. विमानतळावर दोन तास एका जागी बसण्याऐवजी थोडे फिरावे.

परत आल्यावर घड्याळ पुढे सरकवायचे असते. पहिल्या दिवशी अगदी पहाटेचा उजेड टाळावा. नऊ-दहाच्या सुमारास बाहेर चालून यावे आणि मग रोज थोडे आधी. दोन-चार दिवसांत झोप जागेवर येते. ऑफिसला पोहोचल्यावर सहकारी विचारतातच, ‘काय काय बघितलं?’ त्यांना लंडनबद्दल जरूर सांगावे. त्याच आठवड्यात रोज रात्री मोजे काढताना दोन्ही पोटऱ्या मात्र एकमेकींशी ताडून बघाव्यात. एक दुसरीपेक्षा जाड दिसली, तर ते लंडनच्या रस्त्यांवर ढकलू नये.